चकवा आणि पहिली पाळी

रानात ओळखीची वाट चुकली की आपण म्हणतो, चकवा लागला. आमच्या वाडीतल्या एका आजोबांना तो घरातच लागला. पहाटे उठायचे, डबा मागायचे, कडी काढून चालू लागायचे. एकदा उजाडलं तरी पत्ता नाही. वाडीने आधी विहिरी पाहिल्या, मग खाडी. आजोबा एसटीच्या थांब्यावर निवांत बसलेले. पहिली पाळी गाठायची होती! मुंबईतली गिरणी १९८२ च्या संपात सुटली, भोंगा डोक्यात राहिला. आजींना हे ठाऊक होतं. "मला कोन इचारतोय?" म्हणाल्या.

डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, झालेल्या माणसावर संकट आलं की मदत कशी व्हावी, याबद्दल माझं सगळं म्हणणं त्या वाक्यात आहे. ब्रिटनच्या पोलिसांकडे 'हर्बर्ट प्रोटोकॉल' नावाचा साधा फॉर्म असतो. नॉर्मंडीत लढलेल्या आणि पुढे डिमेन्शिया झालेल्या जॉर्ज हर्बर्ट यांचं ते नाव. माणूस हरवण्याआधीच घरच्यांनी तो भरून ठेवायचा: जुने पत्ते, नोकरीची जागा, नेहमीच्या वाटा, अलीकडचा फोटो. आपल्याकडे असा कागद पोलीस पाटील आणि आशाताईंकडे का नसावा? ज्येष्ठांसाठी १४५६७ आहे, मानसिक आरोग्यासाठी १४४१६, रुग्णवाहिकेला १०८. जरूर फिरवा. पण फोन उचलणाऱ्याला 'वडाखालची पाखाडी' कुठली, हे कसं कळावं?

दुसरं संकट चालत जात नाही, अंथरुणातच येतं. काल बरा असलेला माणूस आज भिंतीशी बोलतो, अंगावर धावतो. डिमेन्शिया सहसा असा एका रात्रीत वाढत नाही. लघवीतला जंतुसंसर्ग, अंगातलं पाणी किंवा सोडियम कमी होणं, एखादं नवं औषध, असं काहीतरी मागे असतं आणि बहुतेकदा त्यावर उपचार होतो. म्हणून बांधून ठेवू नका, दवाखाना गाठा. देवाला गाऱ्हाणं घालायला माझी हरकत नाही. गाडी आधी बोलवा.

इथे आपल्या कोकणाची एक गंमत आहे, कडवट. रत्नागिरीत १८८६ पासून मनोरुग्णालय आहे, आणि म्हणूनच 'रत्नागिरीला न्या' म्हटलं की घरं धसकतात. आजार झाकला जातो, तो थेट धावपळीच्या रात्रीपर्यंत. देशात साठीपुढच्या शंभरात सातांहून अधिक जणांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज आहे. मुलं मुंबईला, घरात दोघंच म्हातारी, त्यातलं एक विसरलेलं: हे चित्र आपल्याला नवं नाही.

'अस्तु' चित्रपटात मोहन आगाशे यांनी साकारलेले संस्कृत पंडित हत्तीमागे निघून जातात. त्यांना सांभाळते माहुताची बायको. तिला आजाराचं नाव माहीत नसतं.

आमच्या थांब्यावरच्या चहावाल्यालाही नसावं. आजोबा आले की तो बाकडं पुसतो, चहा देतो, आजींना मिस कॉल मारतो. मग म्हणतो, "आज गिरणीला सुट्टी हाय." आजोबा डबा तिथेच खातात आणि घरी येतात.