पाळणा लांबला, निरोध का थांबला?

(सातारा व सांगली जिल्ह्यांतील पंचायत सदस्य, शिक्षक आणि आरोग्य कर्मचारी यांच्यापुढे केलेले भाषण)



आजचा विषय चारचौघांत बोलण्याचा नाही, असे आपल्यापैकी काहींना वाटत असेल. परंतु र. धों. कर्वे यांनी १९२१ सालीच मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले आणि संततिनियमनाबरोबर गुप्तरोगांपासून बचाव या विषयावरही पुस्तक लिहिले. त्यांच्या दृष्टीने हे दोन्ही प्रश्न एकाच संसाराचे होते. पुढे देशात १९५२ मध्ये कुटुंबनियोजनाचा आणि १९९२ मध्ये एड्स नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. कार्यक्रम दोन झाले. स्त्री मात्र एकच राहिली.

पाळणा लांबविण्याच्या कामात आपला प्रदेश मागे नाही. सातारा जिल्हा परिषदेने २००७ मध्ये नवविवाहितांसाठी योजना आखली. पहिले मूल दोन वर्षे लांबविणाऱ्या जोडप्यास ५,००० रुपये आणि तीन वर्षे लांबविणाऱ्यास ७,५०० रुपये देण्याची ती तरतूद 'हनिमून पॅकेज' या नावाने ओळखली गेली. आज पाच किंवा दहा वर्षे चालणारी तांबी शासकीय रुग्णालयात मोफत बसवून मिळते. दर तीन महिन्यांनी घ्यावयाचे 'अंतरा' इंजेक्शन २०१७ पासून शासकीय कार्यक्रमात आले आहे. शस्त्रक्रिया तर घरोघरी परिचित आहे. राज्यातील सुमारे निम्म्या विवाहित स्त्रियांनी ती करून घेतलेली आहे.

ही साधने भरवशाची आहेत, याविषयी शंका नको. प्रश्न निराळाच आहे. एका उपकेंद्रात परिचारिका निरोधाची पाकिटे देत असता एक तरुण सून म्हणाली, "बाई, मला तांबी बसवली आहे. आता हे कशाला?" तिचे म्हणणे तिच्या परीने बरोबरच होते. निरोध मूल नको म्हणून वापरावयाचा, एवढेच आपण तिला वर्षानुवर्षे सांगितले. मुलाची काळजी मिटताच निरोधाचे कारणही संपले.

अमेरिकेत २०१३ साली शाळकरी मुलामुलींची पाहणी झाली. तांबी किंवा दंडाच्या त्वचेखाली बसवावयाचे साधन वापरणाऱ्या मुलींमध्ये निरोधाचा वापर गोळ्या घेणाऱ्या मुलींपेक्षा सुमारे ६० टक्क्यांनी कमी आढळला. तेथील मुली आणि आपल्याकडील सुना यांची परिस्थिती वेगळी. परंतु मनाचा हिशेब तोच.

यावरून साधनालाच दोष देणे मात्र चुकीचे ठरेल. आफ्रिकेतील चार देशांतील ७,८२९ स्त्रियांचा मोठा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. इंजेक्शन, तांबी आणि त्वचेखालील साधन या तिन्हींत एच.आय.व्ही.च्या धोक्याबाबत लक्षणीय फरक दिसला नाही. तरीही, निरोध आणि सल्ला देऊनसुद्धा, त्या काळात ३९७ स्त्रियांना लागण झाली. साधनाने धोका वाढविला असे दिसले नाही. पण रोगाला अडविणे हे त्याचे कामच नव्हे.

ही गोष्ट आपल्या जिल्ह्यांनी विशेष ध्यानात घ्यावी. साताऱ्याचे माथाडी कामगार मुंबईला जातात. विटा, आटपाडीकडील गलाई व्यावसायिक देशभर पसरले आहेत. घरधनी महिनोन्‌महिने दूर राहतो. येथे कोणावर संशय घेण्याचा हेतू नाही. परंतु घरी राहणाऱ्या पत्नीला स्वतःच्या आरोग्याविषयी विचारण्याचा अधिकार आहे की नाही? नवऱ्यापुढे निरोधाचा शब्द काढला की तो अविश्वास ठरतो. मुलाचे निमित्त होते तोवर तिला तो शब्द काढता येत होता. शस्त्रक्रियेनंतर तेही निमित्त गेले.

या बाबतीत सांगलीने एक धडा घालून दिला आहे. १९९२ पासून 'संग्राम' संस्थेच्या आणि पुढे वेश्या अन्याय मुक्ती परिषदेच्या कामात, ज्यांना समाजाने दूर लोटले त्या स्त्रियांनीच एकमेकींना निरोध पोहोचविला आणि त्याचा आग्रह कसा धरावा हे शिकविले. नुसती पाकिटे वाटून हे साधत नाही. बोलण्याचे बळ द्यावे लागते. ते बळ घरातील स्त्रीलाही मिळाले पाहिजे.

मग आपण काय करावे? तांबी, इंजेक्शन किंवा शस्त्रक्रिया यांची माहिती देताना प्रत्येक वेळी दुसरे वाक्य जोडावे : "याने मूल थांबेल, रोग थांबणार नाही. धोका वाटला तर निरोधही वापरा आणि तपासणी करून घ्या." हे वाक्य केवळ स्त्रियांच्या बैठकीत न सांगता पुरुषांनाही ऐकवावे, कारण निरोध वापरणे त्यांच्याच हाती आहे. गावी परतणाऱ्यांसाठी यात्रेच्या दिवसांत तशी सभा घेता येईल. आणि तपासणीला गेलेल्या व्यक्तीचे नाव पारावर चर्चिले जाणार नाही, याची जबाबदारी पंचायतीने घ्यावी.

कुलूप लावले म्हणून कोणी छप्पर शाकारणे सोडून देत नाही. चोर वेगळा, पाऊस वेगळा. तांबी आणि निरोध यांचे नाते असेच आहे, एवढे घराघरांत पोहोचविले तर आजचे हे बोलणे सार्थकी लागेल.