आकड्यांची साखळी



वसंतातल्या या संध्याकाळी मी आकड्यांचा रुक्ष विषय घेऊन उभा राहिलो आहे. पण तो पगाराच्या पाकिटाचा आहे, आणि पिंपळगावच्या बाजार समितीतल्या कांद्याच्या भावाचाही आहे.

रोजचा भाव तारखेसह एकाखाली एक लिहीत गेले की आकड्यांची एक साखळी तयार होते. तिचे मोल सलगतेत असते. परंतु वही जुनी झाली की रकाने बदलावेच लागतात. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे झाले. १९५८ पासून मणाच्या जागी हळूहळू किलो आणि क्विंटल आले. ३७.३२ किलोच्या मणाला आठ रुपये, हा भाव क्विंटलला सुमारे एकवीस रुपये चव्वेचाळीस पैसे होतो. वहीत ‘आठ’च्या खाली ‘एकवीस’ लिहिले आणि माप बदलल्याची नोंद केली नाही, तर नातवाला वाटेल की कांदा एका रात्रीत अडीचपटीहून महाग झाला!

आता ही वही संगणकात गेली आहे. तिथे रकान्यांच्या मांडणीला स्कीमा म्हणतात. काळ्या पडद्यावर ‘अल्टर टेबल’ने सुरू होणारी एक ओळ टंकली की लाखो नोंदींना नवा रकाना जोडला जातो. ‘ड्रॉप’ची एक ओळ टंकली की जुना रकाना नाहीसा होतो. खोडल्याची खूणसुद्धा कागदावर उरते. इथे ती उरेलच असे नाही. म्हणून जाणते कारागीर आधी वहीची नक्कल करून ठेवतात. पोस्टग्रेससारख्या प्रणालीत ते प्रथम ‘बिगिन’ म्हणतात, बदल करतात, ओळी मोजून पाहतात. हिशेब जुळला तर ‘कमिट’, नाही तर ‘रोलबॅक’ म्हणून पूर्वस्थितीवर येतात. दिलेला हुकूमही ते तारखेसह लिहून ठेवतात. आणखी एक पथ्य आहे: रिकामे म्हणजे शून्य नव्हे. नव्या रकान्यात जुन्या दिवसांसमोर शून्य भरले, तर त्या दिवशी माल फुकट गेला असे सरासरी सांगेल.

यात कामगाराचा काय संबंध, असे कोणी विचारील. महागाई भत्ता ज्या निर्देशांकावर बेततात, तीही अशीच साखळी आहे. लेबर ब्यूरोने तिची मांडणी वेळोवेळी बदलली. पायाभूत वर्ष १९६० होते, पुढे १९८२, मग २००१, आणि सप्टेंबर २०२० च्या आकड्यापासून २०१६. ऑगस्ट २०२० चा निर्देशांक ३३८ होता; सप्टेंबरचा ११८.१ निघाला. महागाई का एका महिन्यात तिसऱ्या हिश्श्यावर आली? नाही, माप बदलले. सोबत २.८८ हा जोडगुणक दिला होता. ११८.१ ला त्याने गुणले की ३४० येतात, आणि साखळी जुळते. हा गुणक म्हणजे दोन कड्यांमधली गाठ. ती ढिली बसली, तर प्रत्येक पगारातून थोडे थोडे गळत राहील, आणि कोणाला आवाजही येणार नाही.

गाठीइतकेच वजनही महत्त्वाचे. २००१ च्या मालिकेत खाद्यपदार्थांच्या गटाला शंभरात ४६.२ वजन होते. नव्या मालिकेत ते ३९.१७ झाले. म्हणजे डाळ महागली तर निर्देशांक पूर्वीपेक्षा कमी हलतो. ४८,३८४ कुटुंबांच्या खर्चाची पाहणी करून हे ठरवले. माणसाचा खर्च बदलतो, तेव्हा वजनेही बदलली पाहिजेत; हे मी मान्य करतो. पण ती पाहणी, ती वजने आणि ती गाठ उघड्यावर असली पाहिजे.

असे तपासता येते, हे मुंबईच्या कामगारांनी दाखवले आहे. तिथल्या निर्देशांकावर त्यांनी आक्षेप घेतला. १९६३ मध्ये राज्य सरकारला प्रा. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमावी लागली, आणि मोजणीतले दोष बाहेर आले. घोषणेच्या जोडीला त्रैराशिक होते, म्हणून हे घडले.

तेव्हा मित्रहो, भाववही असो, भविष्यनिर्वाह निधीचे खाते असो वा निर्देशांक असो, मांडणी बदलली असे कोणी सांगितले की तीन प्रश्न विचारा. जुनी नोंद शाबूत आहे काय? जुन्या-नव्याची गाठ कशी मारली? आणि ती कोणी तपासली? हे विचारायला पदवी लागत नाही. मजजवळही ती नाही. चौथीचे गणित आणि थोडा धीर पुरतो.