भरल्या घरातील मुलाला काय द्यावे?

(वसई परिसरातील पालकांच्या एका मेळाव्यात नाताळपूर्वी केलेले भाषण)



नाताळच्या तोंडावर मुलांना भेटी कोणत्या द्याव्यात या विषयावर बोलावे, असे तुम्ही मला सुचविलेत तेव्हा प्रथम संकोच वाटला. ज्यांच्या वाट्याला विकतचे एकही खेळणे येत नाही अशी असंख्य मुले आपल्या भोवती असताना, ज्यांची कपाटे ओसंडून वाहत आहेत त्यांच्यासाठी आणखी काय घ्यावे याची चर्चा करणे ही चैनच नव्हे काय? परंतु विचार करू लागलो तसे ध्यानात आले की, प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही.

गेल्या वर्षीची माझ्या घरातीलच गोष्ट सांगतो. नात चार वर्षांची. आई-वडील, दोन मामा, मावशी, आत्या, शिवाय वडिलांचे एक स्नेही अशा सात जणांची सात पुडकी तिच्यापुढे आली. तिने ती एकामागून एक फोडली. सातवे उघडून होताच तिने मान वर करून विचारले, “संपली?” त्या प्रश्नात हाव होती असे मला वाटले नाही, एखादे काम उरकल्याचा शीण होता. थोड्या वेळाने पाहतो तो ती आल्यागेल्याचा हात धरून प्रत्येकाला गोठ्यापाशी नेत होती. गोठ्याभोवती हिरवळ दिसावी म्हणून आमच्या घरी आठ-दहा दिवस आधी डब्यांत गहू आणि नाचणी पेरतात. त्या डब्यांना रोज पाणी घालण्याचे काम आम्ही दोघांनी केले होते. “हे मी उगवलंय,” असे ती सर्वांना सांगत होती. सात पुडक्यांपैकी एकाविषयीही तिला असे काही सांगता आले नसते.

हा केवळ आजोबांचा भाबडेपणा नव्हे. अमेरिकेतील टोलेडो विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ साली एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. दीड ते अडीच वर्षांच्या ३६ बालकांना त्यांनी एकदा ४ खेळण्यांसह आणि एकदा १६ खेळण्यांसह खेळू दिले. खेळणी चारच असताना मुले एकेका खेळण्याशी अधिक वेळ रमली आणि ते अधिक तऱ्हांनी हाताळू लागली. ३६ मुलांवरून जगाचा निष्कर्ष काढू नये हे खरे. पण आपल्यापैकी कोणत्या आजीला हे नवीन वाटेल?

मग एवढे कळत असूनही आपण घेत का राहतो? जाहिरातींचा वाटा आहेच. स्वीडनने बारा वर्षांखालील मुलांना उद्देशून दूरचित्रवाणीवर जाहिराती करण्यास १९९१ पासून बंदी घातली आहे. आपल्याकडे मात्र मुलाच्या हातातील भ्रमणध्वनीवर एक बालक दुसऱ्या खेळण्याचे पुडके फोडताना तासन् तास दिसते. तथापि सगळा दोष व्यापाऱ्यावर टाकून मोकळे होणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

मी स्वतः तीस वर्षे लोकलने मुंबईस जात होतो. मुलगा उठण्यापूर्वी निघायचे आणि तो निजल्यावर परतायचे. पगाराच्या दिवशी स्थानकाबाहेरून काहीतरी घेऊन यायचो आणि त्याच्या उशाशी ठेवायचो. ते खेळणे म्हणजे माझ्या गैरहजेरीची पावती होती. आज माझा मुलगा माझ्यापेक्षा अधिक मिळवतो आणि माझ्यापेक्षाही उशिरा येतो. म्हणून त्याच्या पावत्या मोठ्या आहेत, एवढाच फरक. २०२५ च्या सप्टेंबरात आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातील कामाच्या दिवसाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांपर्यंत नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याचे ४८ तास तेच राहतील, असे त्यावर सांगण्यात आले. असतील. पण मुलाची झोपण्याची वेळ आठवड्याच्या हिशेबाने येत नाही, ती रोज येते. खेळण्यांच्या ढिगाची चर्चा आईबापांच्या कामाच्या तासांपासून तोडून करू लागलो, तर ती नुसती उपदेशबाजी होईल.

तरीही दुकानात जायची वेळ येणारच, तेव्हा काय निवडावे? माझा कल अपुऱ्या वस्तूंकडे आहे. कळ दाबताच जे स्वतःच नाचते, त्याला मुलाची गरज नसते. सावंतवाडीच्या लाकडी भाज्या स्वतः काहीच करीत नाहीत. म्हणूनच त्यांच्यापुढे मुलाला भाजीवाली व्हावे लागते आणि घरातील कोणाला तरी गिऱ्हाईक. अरविंद गुप्ता यांनी आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी एवढ्यावर मुलांना त्रिकोण-चौकोन उभे करावयास शिकविले. त्यालाही शेजारी एक मोठे माणूस बसावे लागते, हाच मला त्याचा विशेष वाटतो. मामा-मावश्यांनी पैसे एकत्र करून एकच वस्तू घ्यावी, हेही सुचवून पाहा. रुसवे होतील, चार दिवसांत निवळतील.

आणखी एक. भरलेले कपाट रिकामे करण्यासाठी मोडकी बाहुली मोलकरणीच्या मुलीला देणे, याला दान म्हणू नका. तिला द्यायचे असेल तर नवे द्या, आणि आपल्या मुलीसाठी घेतले त्याच दुकानातून द्या.

यंदा नात पाच वर्षांची झाली आहे. तिच्या हाताला पेलेल असे एक खुरपे आणून ठेवले आहे. गोठ्यातील रोपे परसात लावण्यासाठी पंचवीस तारखेला वाफा खणायचा आणि दुसऱ्या दिवशी बापलेकींनी मिळून लागवड करायची, असे घरात ठरले आहे. पंचवीसला सुट्टी आहे. सव्वीसची रजा मात्र त्याला अजून मंजूर झालेली नाही.