देणाऱ्याचे दुसरे कर्तव्य
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने मला आपल्या विद्यार्थी-साह्य निधीविषयी दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली आहे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला साधा प्राथमिक शिक्षक. अर्थशास्त्राची भाषा मला येत नाही. परंतु शाळेचा पैसा कसा येतो व कसा जातो, हे मी जवळून पाहिले आहे. देणगी द्यावी हे आपण दरवर्षी ऐकतो. देऊन झाल्यावर काय करावे, हे आज सांगावयाचे आहे.

मध्यंतरी मुलाकडे अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को शहरी काही महिने राहणे झाले. नात तेथील सार्वजनिक शाळेत जाते. एके दिवशी ती ग्रंथालयातून पुस्तक घेऊन आली, तेव्हा मुलगा म्हणाला, "बाबा, या शहराच्या शाळांतील ग्रंथपालांसाठी लोकांनी मतपेटीतून पैसा मंजूर केला आहे." मला नवल वाटले. मी चौकशी केली.

कॅलिफोर्निया राज्यात १९७८ साली मतदारांनी मालमत्ता-करावर कडक मर्यादा घातली. करदात्यांना दिलासा मिळाला, पण शाळांचे उत्पन्न आटले. पुढे मार्च २००४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या मतदारांनी ठरविले की, नगराच्या तिजोरीतून दरवर्षी शिक्षणासाठी ठराविक रक्कम बाजूला काढावी. तिचे तीन वाटे झाले. एक खेळ, ग्रंथालये, कला व संगीत यांसाठी. दुसरा शाळेपूर्वीच्या बालशिक्षणासाठी. तिसरा इतर शालेय गरजांसाठी. पहिल्या वर्षी एक कोटी डॉलर आणि पाच वर्षांत सहा कोटी, अशी चढती कमान होती. नोव्हेंबर २०१४ मध्ये मतदारांनीच ही व्यवस्था २०४१ पर्यंत वाढविली.

परंतु मत देऊन ते नागरिक स्वस्थ बसले नाहीत. खर्चाची योजना दरवर्षी नगरापुढे मांडावी लागते, आणि शाळांच्या वाट्यावर लक्ष ठेवण्यास नागरिकांची सल्लागार समिती असते. तिच्या हाती तिजोरीची किल्ली नाही. तिने विचारावे, पाहावे, सांगावे, एवढेच.

शाळा-इमारतींच्या कर्जरोख्यांविषयी तर २००० सालापासून त्या राज्याचा नियम आहे की, पंचावन्न टक्के मतांनी कर्ज मंजूर करून घ्यावयाचे, तर नागरिकांची देखरेख समिती नेमलीच पाहिजे. तीत पालक, ज्येष्ठ नागरिक, करदात्यांचा प्रतिनिधी असे निदान सात जण असतात. शाळाखात्याचा नोकर, अधिकारी अथवा ठेकेदार यांना तीत जागा नाही. ज्याच्या हातून पैसा जातो, त्यानेच तो तपासावयाचा नाही, हे त्यातील मर्म.

आता कोणी म्हणेल, गुरुजी परदेशाचे गोडवे गातात. तसे नव्हे. शिक्षण उपकर आपणही १९६२ च्या कायद्यापासून घरपट्टीबरोबर भरत आलो आहोत. तो भरावा की नाही, हे मात्र आपणांस मतपेटीतून कोणी विचारले नाही. उलट देखरेखीचा हक्क २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने आपल्याही हाती दिला आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असावेत, निम्म्या स्त्रिया असाव्यात आणि समितीने अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवावे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे.

येथे मला एक कबुली द्यावयाची आहे. त्या काळी मी एका खेड्यात मुख्याध्यापक होतो. अनुदान आले, शाळेला रंग दिला. सभा भरविण्याचे कष्ट नकोत म्हणून इतिवृत्ताची वही मी मुलांच्या हाती घरोघर पाठवून सह्या आणविल्या. एक मजुरी करणारी माउली मात्र ती वही घेऊन शाळेत आली. म्हणाली, "गुरुजी, सही करते, पण आधी काय लिहिलंय ते वाचून दाखवा." मी वाचले. ती शांतपणे म्हणाली, "रंगाला एवढे पैसे होते, मग पोरींच्या संडासाला दार का नाही?"

मजजवळ उत्तर नव्हते. पावत्या चोख होत्या, एका पैचाही अपहार नव्हता. तरीही मी चुकलो होतो. हिशेब बरोबर असणे वेगळे आणि पैसा योग्य जागी पोहोचणे वेगळे, हे मला त्या निरक्षर बाईने शिकविले. पुढच्याच महिन्यात दार बसले. माझी शरम मात्र अद्याप गेलेली नाही.

बंधुभगिनींनो, आपल्या निधीचे खजिनदार धुतल्या तांदळासारखे स्वच्छ आहेत. म्हणूनच हे बोलण्याची हीच वेळ. संशय उत्पन्न झाल्यावर नेमलेली समिती भांडणाचे मूळ होते. विश्वास असताना नेमलेली समिती घराचा आधार होते. माझी नम्र सूचना एवढीच की, कार्यकारी मंडळाबाहेरील तीन सभासदांची देखरेख समिती नेमावी. त्यांत साह्य मिळालेल्या विद्यार्थ्याची एक आई अवश्य असावी. कोणाची फी भरली एवढेच न पाहता, कोणता गरजू मुलगा वा मुलगी अर्ज न करता राहून गेली, हेही त्यांनी विचारावे. नावे उघड न करता त्यांचा अहवाल दरवर्षी या स्मरणिकेत छापावा.

दान देताना हात सैल असावा. दिल्यावर डोळे मिटू नयेत.