जाळलेली चित्रे



लेख वाचायचा तर अक्षरओळख हवी. चित्राला ती लागत नाही. शेतावरच्या गड्याला आणि शाळेतल्या पोराला ते सारखेच कळते. म्हणूनच परक्या सरकारला कुंचल्याची धास्ती वाटे. चित्तप्रसाद भट्टाचार्य या बंगाली चित्रकाराची हकीकत ऐका, म्हणजे हे ध्यानात येईल.

चित्तप्रसादांचा जन्म १९१५ सालचा, नैहाटीचा. कम्युनिस्ट पक्षाच्या पत्रांसाठी ते राजकीय व्यंगचित्रे काढीत. १९४३ साली बंगालात भीषण दुष्काळ पडला. त्याला एकटे आभाळ जबाबदार नव्हते. ब्रह्मदेश जपानने घेतल्यामुळे तिकडचा तांदूळ बंद झाला होता. ऑक्टोबर १९४२ च्या वादळाने मिदनापूरची पिके झोपवली. जपान्यांच्या हाती पडू नयेत म्हणून किनाऱ्यावरच्या नावा आणि तांदूळ सरकारने काढून घेतले. भाव तर असे कडाडले, की मजुराला धान्य दिसे, पण घेता येईना. वीस ते तीस लाख माणसे दगावली, असा बहुतेक अभ्यासकांचा अंदाज आहे. एवढे होऊनही सरकारने दुष्काळ रीतसर जाहीर केलाच नाही!

त्याच वर्षी नोव्हेंबरात चित्तप्रसाद मिदनापूर जिल्ह्यात गावोगाव हिंडले. हाडांचे सापळे झालेली माणसे, ओस घरे, वाटेवरची प्रेते, जे दिसले ते त्यांनी काळ्या शाईने रेखाटले. ज्याचे चित्र काढले त्याचे नाव-गाव विचारून तेही ते टिपून ठेवीत. ही रेखाटने आणि प्रवासाची हकीकत मिळून ‘हंग्री बेंगॉल’, म्हणजे ‘भुकेला बंगाल’, हे छोटेसे पुस्तक निघाले.

सरकारने त्याच्या सुमारे ५००० प्रती जप्त करून जाळल्या. का बरे? त्यात बंडाची हाक नव्हती. पण जो दुष्काळ सरकारी दप्तरात नव्हता, तो तिथे नावानिशी उभा होता. आकड्यावर वाद घालता येतो, ‘अमक्या गावचा अमका’ म्हटल्यावर काय बोलणार?

पुढे १९४६ पासून चित्तप्रसाद मुंबईत राहिले. १९७८ साली ते वारले. घरच्या मंडळींनी पुस्तकाची एक प्रत जपून ठेवली होती. तिच्यावरून २०११ साली ते पुन्हा जसेच्या तसे छापले गेले.

शिक्षकबंधूंनो, बंगालच्या दुष्काळाचा धडा शिकवताना आकडे जरूर सांगा. पण त्याबरोबर यातले एखादे चित्र मुलांपुढे ठेवा, आणि त्याखालचे नाव मोठ्याने वाचायला लावा.