वर्मी घाव आणि आजीचं पंचवीस



संयोजकांनी मला फोन करून सांगितलं, ‘तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, एआयवर बोल.’ एआयवर सगळेच बोलतात. मी खेळावर बोलणार आहे. सर, हसू नका. शाळेत डब्याच्या सुट्टीनंतर खेळत बसले म्हणून तुम्ही मला वर्गाबाहेर उभं केलं होतं, त्याचाच हा पुढचा भाग समजा.

2020 च्या टाळेबंदीत आपल्या तुकडीतल्या आम्ही चौघी फोनवर रोज त्याच त्या बातम्या बोलून कंटाळलो होतो. तेव्हा मी त्यांना ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ शिकवलं. हा पटावरचा खेळ, पण पट बराचसा डोक्यात. एक जण सूत्रधार, तो गोष्ट सांगतो. बाकीचे गोष्टीतले वीर. वीर म्हणतो, ‘मी राक्षसावर तलवार चालवतो,’ आणि वीस बाजूंचा फासा टाकतो. आकडा पुरेसा मोठा पडला तर वार लागला. सूत्रधार मी. आमच्या गोष्टीतल्या किल्ल्याला मूळपीठाच्या डोंगरासारख्याच पायऱ्या होत्या, आणि वर यमाईच्या देवळाऐवजी एक झोपलेला ड्रॅगन. पुढे मुलंही येऊन बसू लागली. महिन्यातून एक शनिवार ठरला तो ठरलाच.

आता मुद्द्याचं. फाशावर थेट वीस पडलं की काय करायचं? इंग्रजीत त्याला क्रिटिकल हिट म्हणतात, आम्ही वर्मी घाव म्हणायचो. 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ छापला. पुढच्याच वर्षी एम. ए. आर. बार्कर यांचा ‘एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन’ आला. हे बार्कर मिनेसोटा विद्यापीठात दक्षिण आशियाई भाषा शिकवायचे. त्यांचा नियम असा : वीस पडलं की इजा दुप्पट, आणि फासा पुन्हा टाकायचा, त्यावर एकोणीस किंवा वीस पडलं तर समोरचा जागच्या जागी ठार. मला हा नियम भारी आवडला. जुनं ते सोनं म्हणून मी तोच आमच्या घरचा नियम केला. वीरांनाही लागू, राक्षसांनाही लागू. न्याय म्हणजे न्याय.

पहिलं वर्ष मजेत गेलं. एका मैत्रिणीनं दारावरचा राक्षस पहिल्याच फटक्यात पाडला, तेव्हा तिच्या स्वयंपाकघरातून कुकरच्या शिट्टीपेक्षा मोठी आरोळी आली होती.

मग एका शनिवारी एका फडतूस गॉब्लिननं बाण मारला. वीस. पुन्हा टाकला. एकोणीस. ज्या वीराला तो लागला, तो आमच्या एका मैत्रिणीच्या बारा वर्षांच्या मुलाचा होता. त्यानं त्या वीराचं चित्र काढलं होतं, त्याच्या आईवडिलांची नावं ठरवली होती, घोड्याचंही नाव ठरवलं होतं. तो म्हणाला, ‘मावशी, परत टाक ना.’ मी म्हणाले, ‘पडलेलं दान परत घ्यायचं नसतं.’ त्यानं कॅमेरा बंद केला. पुढच्या शनिवारी तो आला नाही, त्याची आईही आली नाही. दोन महिने आमचं बोलणं नव्हतं. पहिलीपासूनची मैत्रीण, आणि भांडण कशावरून, तर गॉब्लिनवरून! हे कुणाला सांगायचीसुद्धा सोय नव्हती.

मी बरोबरच होते, असं मला वाटत होतं. नियम दोघांना सारखा होता. मग एका रात्री हिशेब मांडला. सर, घातांक तुम्ही शिकवलेत, ते इथे कामाला आले. विसातला एक आणि पुढे दहातला एक, म्हणजे दोनशे वारांत एक घाव प्राणघातक. आमच्याकडे एका बैठकीत एका वीरावर साधारण दहा वार होतात. वीस बैठकांत झाले दोनशे. त्या दोनशे वारांत निदान एक प्राणघातक निघण्याची शक्यता 63 टक्के. चार वीर धरले, तर वीस बैठकांनंतर चौघेही अशा घावातून वाचलेले असण्याची शक्यता दोन टक्क्यांहून कमी. आणि गॉब्लिन? तो आयुष्यात चार वार झेलतो आणि तसाही मरतो. त्याला घोडा नाही, आईवडील नाहीत. फासा दोघांना सारखा होता, पण रोज फाशासमोर उभं राहायचं एकट्या वीरानं.

हे मला सुचलं त्याच्या किती तरी आधी गायगॅक्सनं लिहून ठेवलं होतं. 1979 च्या सूत्रधारांच्या पुस्तकात त्यानं अशा घावांना सरळ विरोध केला. खेळाडूंना हे हवं असतं, पण शत्रूलाही ते दिलं की वीर टिकणारच नाहीत, असं त्याचं म्हणणं. लोकांनी ऐकलं नाही. घरोघरी नियम चालू राहिले, आणि 2000 सालच्या तिसऱ्या आवृत्तीत वर्मी घाव मूळ नियमांतच आला, फक्त तो पक्का करायला फासा दुसऱ्यांदा टाकावा लागे. 2008 च्या चौथ्या आवृत्तीत तेही गेलं. मला स्वतःला गायगॅक्सचं सगळं पटत नाही. वीस पडल्यावर काहीच होणार नसेल, तर फासा टाकायची गंमत काय राहिली?

उत्तर मला औंधात सापडलं. पौषात यमाईच्या यात्रेला आले होते. आजीच्या खोलीत कापडी पट आणि सहा कवड्या तशाच होत्या. आजी गेली त्याला खूप वर्षं झाली. सोंगट्या तुम्हांपैकी बरेच जण आमच्या ओसरीवर खेळलेले आहात. आठवतंय का? सहाही कवड्या पालथ्या पडल्या की पंचवीस, आणि वर जादा दान. आजीचा घरचा नियम होता, की त्या जादा दानावर कुणाची सोंगटी मारायची नाही. ती म्हणायची, ‘मिळालंय तर धाव की, मारतेस कशाला?’ लहानपणी मला हा नियम बुळचट वाटायचा. आज कळतं, आमच्यातल्या सगळ्यांत धाकट्याची सोंगटी नेहमी वाटेवर असायची, आणि आजीला तो संध्याकाळपर्यंत पटावर बसलेला हवा असायचा. नाहीतर काय होतं, ते खंडोबाला विचारा. सारीपाटात म्हाळसेकडून हरला आणि बारा वर्षं बाणाईची मेंढरं राखत बसला.

मैत्रीणही यात्रेला आली होती. मी तिच्या घरी गेले, पट आणि कवड्या घेऊन. चहा झाला. मुलाला मी सांगितलं, ‘तुझा वीर परत येणार नाही. पण माझा नियम चुकीचा होता. नवा नियम तू कर.’ माझी चूक झाली, हे त्याला एवढं अनपेक्षित होतं, की तो खुर्चीवरून उठून आत जाऊन वही घेऊन आला.

त्यानं केलेला नियम आम्ही आजही वापरतो. वीराला वीस पडलं तर इजा दुप्पट. राक्षसाला वीस पडलं तर वीरानं निवडायचं : एक तर दुप्पट इजा सोस, नाहीतर आपलं काहीतरी गमाव. ढाल फुटेल, मशाल विझेल, घोडा पळून जाईल. मोठ्यांनी कुरकुर केली, भीतीच गेली म्हणून. ती गेलेली नाही. अंधाऱ्या भुयारात मशाल विझवायची की घाव झेलायचा, हे ठरवताना चाळिशी ओलांडलेल्या इंजिनिअर बायका पाच-पाच मिनिटं गप्प बसलेल्या मी पाहिल्यात. आणि ड्रॅगनसाठी त्यानं अपवाद ठेवला. ड्रॅगनचा घाव दुप्पटच, त्याला निवड नाही, पण हे लढाईआधी सगळ्यांना सांगायचं. मी म्हटलं, ‘ड्रॅगनला का रे सूट?’ तर म्हणाला, ‘मावशी, त्याच्याशी लढायला आपण आपल्या पायांनी जातो. गॉब्लिन मात्र न विचारता येतो.’

तो मुलगा आता सतरा वर्षांचा आहे, मागच्या रांगेत बसलाय, आणि मी हे सांगितलं म्हणून माझ्यावर चिडलाय. त्यानं फासे आणलेत, मी आजीचा पट आणलाय. जेवणं झाली की पहिल्या मजल्यावर आपल्या जुन्या वर्गात बसू. सर, तुम्हीही या. जादा दानावर तुमची सोंगटी कुणी मारणार नाही.