चाच्यांचे जहाज आणि खानदेशातील बालवाचक



लहान मुलांच्या चित्रपुस्तकांत समुद्री चाचा हे मोठे लाडके पात्र आहे. एका डोळ्यावर काळी पट्टी, हाताच्या जागी लोखंडी आकडा, खांद्यावर पोपट आणि बगलेत खजिन्याचा नकाशा, असा हा दर्यावरचा दरोडेखोर. विनोदी पुस्तकांत त्याची गर्जना मोठी असते, पण फजिती त्याहून मोठी होते. इंग्लंडमध्ये जॉन रायन यांनी १९५० साली ‘ईगल’ या साप्ताहिकात रंगविलेला आणि १९५७ साली पुस्तकरूपाने आलेला कप्तान पगवॉश हा त्याचा उत्तम नमुना होय. कप्तान बढाईखोर आणि मनातून भित्रा; त्याला संकटातून सोडवितो तो जहाजावरचा लहानगा टॉम. मुलांच्या हसण्याचे मर्म येथेच आहे. मोठा फसतो आणि लहान जिंकतो.

अशा पुस्तकांचा जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील मुलांना काय उपयोग, अशी शंका अनेकांच्या मनात येते. जेथे समुद्र नाही, तेथे चाचा कशाला? परंतु खानदेश समुद्राला तितकासा परका नाही. तापीमाई सुरतेजवळ सागराला मिळते आणि एके काळी खानदेशचे कापडही सुरतेच्या बंदरातूनच परदेशी जात असे. या व्यापारासाठी इंग्रजांनी १६७४ साली धरणगावी वखार घातली होती. याच सुरतेकडे परतणारे औरंगजेबाचे ‘गंज-ए-सवाई’ हे जहाज १६९५ साली हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने लुटले. तापीकाठच्या शाळेत ही हकीगत सांगितली, तर भूगोल आणि इतिहास दोन्ही एकाच होडीत बसतात. शिवाय ‘चाचा’ म्हटल्यावर मुलांना प्रथम आठवतात ते शेजारचे चाचा किंवा चाचा नेहरू. या घोटाळ्यावर वर्ग खळखळून हसला, तर धड्याला उत्तम प्रारंभ झाला असे समजावे.

दुसरी शंका अशी की, दरोडेखोराच्या गोष्टीतून मुलांवर वाईट संस्कार होतील. वस्तुतः भोपळ्यात बसून वाघाला चकविणारी म्हातारी पिढ्यान्‌पिढ्या घरोघर सांगितली गेली. तिच्यामुळे कोणी खोटे बोलावयास शिकले नाही, पण वाघाची भीती मात्र थोडी कमी झाली. ज्याची धास्ती वाटते त्याला हसता येणे, ही बालमनाची मोठीच कमाई आहे.

एक पथ्य मात्र कसोशीने पाळले पाहिजे. कान्होजी आंग्रे हे मराठ्यांचे सरखेल. तरीही इंग्रजांनी त्यांना चाचा म्हटले. १८५७-५८ मध्ये सातपुड्याच्या परिसरात इंग्रजी सत्तेशी झुंजणारे खाज्या नाईक हेही सत्ताधाऱ्यांच्या लेखी लुटारूच होते. कोणाला लुटारू म्हणावे हे पुष्कळदा लेखणी धरणाराच ठरवितो. म्हणून गोष्टीतल्या चोराला कोणत्याही जमातीचा पेहराव, नाव वा बोली देऊ नये. वर्गातील एकाही मुलाने त्या हसण्यापायी मान खाली घालता कामा नये.

खरा प्रश्न बोलीचा आहे. घरी ‘आंडोर’ आणि ‘आंडेर’ असलेली मुले शाळेत एकाएकी ‘मुलगा’ आणि ‘मुलगी’ होतात. अहिराणी, लेवा, भिली, पावरी अशा बोलींतून आलेली बालके पहिल्या इयत्तेत कित्येक दिवस गप्प बसतात. ती मंद नसतात. त्यांचे शब्द उंबऱ्याबाहेर राहिलेले असतात. चित्राला मात्र प्रमाणभाषेची अट नसते. कप्तान चिखलात आपटल्याचे चित्र पाहून मूल प्रथम हसते आणि मग आपल्या बोलीत सांगू लागते. शिक्षकांनी ते वाक्य तसेच फळ्यावर लिहावे आणि त्याशेजारी मराठी वाक्य लिहावे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात घरच्या भाषेला जे स्थान दिले आहे, त्याचा वर्गातील अर्थ इतका साधा आहे.

परदेशी गोष्ट आपलीशी करण्याची परंपरा या भूमीला नवी नाही. अमळनेरच्या शाळेत ज्यांनी विद्यार्थ्यांना जीव लावला, त्या साने गुरुजींनी जॉर्ज इलियट यांच्या ‘सायलस मार्नर’वरून ‘मनूबाबा’ लिहिली. चोरीला गेलेल्या सोन्यापेक्षा घरी आलेले मूल मोलाचे, हा त्या गोष्टीचा आशय येथेही लागू पडतो.

मोठा खर्च न करताही पुष्कळ करता येईल. स्टीव्हन्सन यांच्या ‘ट्रेझर आयलंड’ या प्रसिद्ध कादंबरीचा उगम १८८१ साली सावत्र मुलाच्या सोबतीने रंगविलेल्या एका नकाशात झाला. तसाच नकाशा गावच्या मुलांना काढू द्यावा. त्यात शाळा, हातपंप, निंबाचे झाड, पार आणि कपाशीचा बांध यावा. खजिना म्हणून केळीची फणी ठेवावी आणि ती सर्वांनी वाटून खावी. पाने शिवून वर्गाचे स्वतःचे चित्रपुस्तक तयार होईल. दिशा, अंतर, क्रम आणि लेखन या चारही गोष्टींचा अभ्यास त्यात आपोआप घडतो.

शेवटी एका कुलपाविषयी बोलणे अगत्याचे आहे. पुष्कळ शाळांत पुस्तके येतात, नोंदवहीत चढतात आणि कपाटात बंद होतात. मुलांनी पान फाडले तर भरपाई कोणी करावयाची, ही शिक्षकांची धास्ती अनाठायी म्हणता येणार नाही. तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्यांनी म्हणूनच किती पुस्तके शाबूत आहेत, याऐवजी किती पुस्तके हाताळून जीर्ण झाली, हे विचारावे. वापराने फाटलेली पुस्तके निर्लेखित करण्याचे काम विनाविलंब व्हावे. ग्रामपंचायतीने सुताराकडून मुलांच्या हाताला येईल अशी बुटकी फळी करून द्यावी, किंवा भिंतीलगत दोरी बांधून तीवर पुस्तके टांगण्याची सोय करावी. अंगणवाडीतही हेच करता येईल.

चाचे खजिना पुरून ठेवतात आणि तो कोणाच्याच उपयोगी पडत नाही, असे या गोष्टी सांगतात. शाळेच्या कपाटाची किल्ली ज्यांच्या हाती आहे, त्यांनी ही गोष्ट मुलांच्या आधी एकदा स्वतः वाचावी.